एका नावाखाली चार भुंगेरे: तिळाएवढ्या किड्याची ओळख पटायला दीडशे वर्षं का लागली?

डाळिंबाच्या खोडावर, बुंध्याजवळ, दाभणाने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसू लागली आणि त्यातून भुसा गळायला लागला, की विजापूर-बागलकोटपासून सांगोला-आटपाडीपर्यंतच्या बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. पानं पिवळी पडतात, एक फांदी वाळते, मग दुसरी. पाच-सहा वर्षं पोराबाळांसारखं सांभाळलेलं झाड एका हंगामात सरपण होतं.

शेतकरी या किड्याला ‘शॉट होल बोरर’ म्हणतात. बंदुकीचे छर्रे मारल्यासारखी भोकं पाडणारा, म्हणून हे नाव. पण हे किड्याचं नाव नाही, त्याने केलेल्या भोकांचं वर्णन आहे. अशी भोकं पाडणारे भुंगेरे पुष्कळ आहेत. डाळिंबावरच्या किड्याबद्दल छापून आलेल्या संशोधनातही एकच नाव सापडत नाही. कुठे त्याला झायलेबोरस फॉर्निकॅटस म्हटलंय, कुठे झायलोसॅन्ड्रस क्रॅसियुस्क्युलस.

किडा कोणताही असो, भोकं तर पडणारच, मग नावाशी काय करायचंय? या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या ॲव्होकॅडोच्या बागांनी फार महागात शोधलं. तिथे 2018 साली एका ‘नव्या’ भुंगेऱ्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. हा किडा कुठल्या निबिड जंगलात सापडला नव्हता. तो बागेतच होता, फक्त दुसऱ्याच्या नावावर वावरत होता.

लाकूड पोखरतो, पण लाकूड खात नाही

या गटाला अँब्रोसिया भुंगेरे म्हणतात. लांबी साधारण दोन-अडीच मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या दाण्याएवढी. मादी खोडात बोगदा खणते. भुसा बाहेर टाकते, कारण लाकूड हे तिचं अन्नच नाही. तिचं अन्न बुरशी आहे आणि ती बुरशी ती स्वतः पेरते.

त्यासाठी तिच्या शरीरात खास पिशव्या असतात. काही प्रजातींत त्या जबड्याजवळ असतात, काहींत पाठीच्या बाजूला, पंखांच्या मुळाशी. जन्माच्या झाडातून निघताना ती या पिशवीत बुरशीचे बीजाणू घेऊन निघते. नव्या झाडात बोगदा खणला की त्याच्या भिंतींवर ही बुरशी रुजते. मग मादी अंडी घालते आणि अळ्या या मळ्यातलं पीक खाऊन वाढतात.

शेती करणारा किडा म्हटलं की नवल वाटतं, पण त्याचा दुसरा नमुना आपल्या ताटात येतो. पहिल्या पावसानंतर गोव्यात आणि खानापूरकडे वारुळावर उगवणारी जी अळंबी लोक हौसेने खातात, ती वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीचीच असते. मुंग्यांच्या काही जाती, वाळवीच्या काही जाती आणि हे भुंगेरे, तिघांनीही माणसाच्या कितीतरी आधीपासून शेती केली आहे.

‘अँब्रोसिया’ हा शब्दही यातूनच आला. 1836 मध्ये ऑस्ट्रियातल्या योसेफ श्मिडबर्गर यांना बोगद्यांच्या भिंतींवर पांढरट थर दिसला. अळ्या तो खात होत्या. हा थर काय असावा हे त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी त्याला ग्रीक पुराणातल्या देवांच्या अन्नाचं नाव दिलं. आपल्याकडे अमृत म्हणतात तसं. ती बुरशी आहे हे 1844 मध्ये थिओडोर हार्टिग यांनी दाखवलं.

यातले बहुतेक भुंगेरे निरुपद्रवी असतात. मेलेल्या, मोडलेल्या किंवा मरायला टेकलेल्या झाडात ते घर करतात आणि लाकूड कुजायला मदत करतात. जंगलाला त्यांची गरज असते. मोजक्याच प्रजाती जिवंत, धडधाकट झाडावर बसतात. त्यांची बुरशी झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत पसरली की वरची फांदी पाण्याविना वाळते. झाड मरतं ते बोगद्यांपेक्षा जास्त या बुरशीमुळे.

एक मादी पुरते

यातल्या मोठ्या गटात लग्नकार्यही अजब असतं. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. नर लहान असतो, त्याला उडता येत नाही. तो जन्मभर बोगद्यातच राहतो. बहिणी घर सोडण्याआधीच त्या भावांपासून फलित होतात आणि बाहेर पडतात.

एखादी मादी फलित न होताच बाहेर पडली तरी अडत नाही. ती आधी नर जन्माला घालते आणि पुढची पिढी त्याच्यापासून वाढवते. म्हणजे एका लाकडी खोक्यातून एकच मादी परदेशी बंदरावर उतरली, तरी तिथे वस्ती उभी राहू शकते. तिला जोडीदार शोधायचा नाही, अन्न शोधायचं नाही. दोन्हीची सोय तिने सोबतच आणलेली असते.

चहाचा किडा

गोष्ट सुरू होते 1868 मध्ये. जर्मन कीटकतज्ज्ञ विल्हेल्म आइखहॉफ यांनी सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून आलेल्या एका छोट्या काळसर भुंगेऱ्याचं वर्णन केलं आणि त्याला झायलेबोरस फॉर्निकॅटस असं नाव दिलं. पुढे त्याची बदली युवॅलेसिया या वंशात झाली.

1890 च्या दशकात सिलोनच्या चहाच्या मळ्यांत एका भुंगेऱ्याने धुमाकूळ घातला. बोगद्यांमुळे चहाच्या फांद्या मोडायच्या. लोकांनी त्याला आइखहॉफच्याच किड्याचं नाव लावलं. दक्षिण भारतातल्या चहाच्या मळ्यांतही हाच त्रास आणि हेच नाव. तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षं पुस्तकांतलं समीकरण पक्कं होतं: फॉर्निकॅटस म्हणजे चहाचा शॉट होल बोरर.

2003 मध्ये कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ या वर्णनाचा किडा सापळ्यात सापडला. नोंद झाली, चहाचा बोरर. कॅलिफोर्नियात चहा कुठला पिकतोय? कुणी फार मनावर घेतलं नाही.

2009 मध्ये इस्राएलमध्ये ॲव्होकॅडोच्या बागांत तसाच किडा दिसला आणि झाडं वाळू लागली. 2012 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका परसातल्या ॲव्होकॅडोवर तीच लक्षणं दिसली. सालीवर भोक आणि त्याभोवती साखरेसारखा पांढरा थर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी किडा आणि बुरशी दोन्ही तपासले. बुरशी फ्युझॅरियम गटातली निघाली, विज्ञानाला नवी. 2013 मध्ये तिला फ्युझॅरियम युवॅलेसी हे नाव मिळालं.

भुंगेऱ्याचा डीएनए पाहिल्यावर खरा धक्का बसला. दिसायला तो चहाच्या बोररसारखा होता, पण डीएनए जुळत नव्हता. त्यातच दक्षिणेला सॅन डिएगो जिल्ह्यातल्या ॲव्होकॅडोंवरून गोळा केलेल्या किड्यांचा डीएनए या दोघांशीही जुळेना. एका राज्यात, एका फळझाडावर, एकाच नावाने नोंदलेले दोन वेगळे किडे होते. दोघांचे मळेही वेगळे. सॅन डिएगोचा किडा जी फ्युझॅरियम पेरत होता ती निराळीच होती.

नवी प्रजाती ‘सिद्ध’ कशी करतात?

नवा किडा सापडला, नाव ठेवलं, काम संपलं, असं होत नाही. तो खरोखर नवा आहे हे दाखवायला आधी जुन्यांचा सगळा हिशेब तपासावा लागतो.

पहिलं काम नमुने जमवण्याचं. एका ठिकाणचे दोन-चार किडे पुरत नाहीत. मूळ प्रदेशातून, नव्या प्रदेशातून, वेगवेगळ्या झाडांवरून नमुने आणावे लागतात.

दुसरं काम मोजमापाचं. पाठीच्या ढालीची लांबी-रुंदी, पंखांवरच्या टणक कवचाची लांबी, मागच्या उताराचा आकार. या गटात फरक मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचा असतो आणि मापं एकमेकांत मिसळतात. एक किडा हातात घेऊन छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून तिसरं काम डीएनएचं. मोजमाप आणि डीएनए दोन्ही एकच गोष्ट सांगू लागले, तर दावा बळकट होतो.

चौथं काम सर्वांत किचकट असतं: मूळ नमुना शोधणं. प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक प्रजातीचं नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं. तो नमुना संग्रहालयात टाचणीला लावून ठेवतात. उद्या वाद झाला, तर पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा तो नमुना काय आहे यावर निकाल लागतो. जमिनीच्या वादात जसा मूळ नकाशा काढून बघतात, तसंच. कुळानं कितीही वर्षं कसली असली, तरी हद्द नकाशावरून ठरते.

इथे अडचण अशी होती की आइखहॉफचा 1868 चा मूळ नमुना हरवला, असंच सगळे धरून चालले होते.

कुरोशिओ: काळा प्रवाह

फ्लोरिडा विद्यापीठातले डेमियन गोमेझ, यिरी हुल्त्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला. डीएनए आणि मोजमाप यांवरून त्यांनी सांगितलं, की ‘फॉर्निकॅटस’ या एका नावाखाली चार वेगवेगळ्या प्रजाती आहेत.

यातल्या सॅन डिएगोच्या किड्याला बसेल असं जुनं नाव कुठेच मिळालं नाही. तो खरोखर नवा होता. त्याचं नाव ठेवलं गेलं युवॅलेसिया कुरोशिओ. कुरोशिओ म्हणजे जपानी भाषेत काळा प्रवाह. तैवान आणि ओकिनावाजवळून उत्तरेकडे वाहणाऱ्या समुद्रप्रवाहाचं हे नाव. हा भुंगेरा त्या टापूत आढळतो.

उरलेल्या तिघांना जुनी नावं वाटली गेली. चहाच्या किड्याकडे ‘फॉर्निकॅटस’ हे नाव राहिलं. लॉस एंजेलिस आणि इस्राएलच्या किड्याला 1942 सालचं एक विस्मृतीत गेलेलं लांबलचक नाव मिळालं. मूळ नमुनाच हाताशी नसल्याने हे वाटप अंदाजावर होतं, पण सगळ्यांना पटण्यासारखं होतं.

आणि वर्षभरात हरवलेला नमुना सापडला.

मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या सारा स्मिथ आणि अँथनी कॉग्नॅटो यांनी गोमेझ-हुल्त्सर आणि रॉजर बीव्हर यांच्यासोबत तो मोजला. दीडशे वर्षांपूर्वीचा तो भुंगेरा चहाच्या किड्याशी जुळला नाही. तो जुळला ॲव्होकॅडोवर बसणाऱ्या, लॉस एंजेलिस-इस्राएलच्या किड्याशी! 2019 मध्ये सगळी नावं पुन्हा फिरली. ‘फॉर्निकॅटस’ हे नाव शंभर वर्षं चहाच्या किड्याने वापरलं होतं, ते त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. चहाचा किडा आता युवॅलेसिया परब्रेव्हिस या नावाने ओळखला जातो. चौथी प्रजाती फॉर्निकॅशियर. कुरोशिओचं नाव तेवढं जागेवर राहिलं, कारण त्याचं वर्णन नव्यानेच, व्यवस्थित नमुन्यासह झालं होतं.

नाव चुकल्याने काय गेलं?

‘चहाचा किडा’ या पाटीने कॅलिफोर्नियाची काही वर्षं गेली. तोवर किडा शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांत, उद्यानांत, नदीकाठी पोचला होता. मेक्सिको सीमेवरच्या तिहुआना नदीच्या खोऱ्यात 2015 मध्ये कुरोशिओ भुंगेऱ्याने विलोच्या वनात लाखाहून अधिक झाडं मारली.

खुद्द ‘फॉर्निकॅटस’ 2017 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गच्या वनस्पती उद्यानात सापडला आणि तिथून अनेक प्रांतांत गेला. 2021 मध्ये तो ऑस्ट्रेलियात पर्थजवळ दिसला. तिथे वेढा घालून हजारो झाडं तोडली गेली, लाकूड हलवायला बंदी घातली गेली. तरीही 2025 मध्ये, किड्याचा समूळ नायनाट आता शक्य नाही हे तिथल्या यंत्रणांना मान्य करावं लागलं.

क्वारंटाइनचे कायदे नावावर चालतात. बंदरावरचा अधिकारी यादीतलं नाव बघतो. यादीत ‘चहाचा बोरर’ असेल, तर ॲव्होकॅडोच्या रोपाकडे तो कशाला संशयाने बघेल? किड्याचे नैसर्गिक शत्रू शोधायचे, तर ते त्याच्या मूळ गावी जाऊन शोधावे लागतात. नाव चुकलं तर गावही चुकतं. शास्त्रज्ञ श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यात शोधत बसतील आणि कुरोशिओचा शत्रू तैवानच्या डोंगरात असेल.

आपल्या डाळिंबावर कोण बसलंय?

आता पुन्हा डाळिंबाकडे येऊ. संशोधनात जी दोन नावं येतात, ती केवळ दोन लांबलचक लॅटिन शब्द नाहीत. त्या दोन किड्यांच्या सवयी वेगळ्या आहेत.

झायलोसॅन्ड्रस क्रॅसियुस्क्युलस हा तांबूस तपकिरी, आखूड, थोराड बांध्याचा. त्याची बुरशीची पिशवी पाठीच्या बाजूला. त्याने बाहेर ढकललेला भुसा बऱ्याचदा दात कोरायच्या काडीसारखा, सलग बारीक कांडी होऊन सालीवर उभा दिसतो. ताण पडलेल्या झाडातून थोडंसं अल्कोहोल सुटतं. पाणी साचलेलं, मुळं कुजलेलं, आधीच रोगट झालेलं झाड असं करतं. हा किडा त्या वासावर येतो. म्हणून अल्कोहोलच्या सापळ्यात तो चांगला सापडतो आणि निचरा सुधारला तर त्याचा जोर कमी होऊ शकतो.

युवॅलेसिया फॉर्निकॅटस आणि त्याचे भाऊबंद काळपट, चकचकीत. पिशवी जबड्याजवळ. पेरतात ती फ्युझॅरियम. ते धडधाकट झाडावरही बसतात. अल्कोहोलच्या वासाला ते फारशी दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी क्वेर्सिव्होरॉल नावाचं वेगळं आमिष लागतं.

म्हणजे बागेत अल्कोहोलचा सापळा लावला, त्यात काही पडलं नाही आणि शेतकऱ्याने ‘बाग साफ आहे’ असं समजून सुटकेचा श्वास सोडला, तर तो नावाच्या चुकीने फसू शकतो.

मर रोगाबाबतही गल्लत होते. डाळिंबाच्या मर रोगाची प्रमुख बुरशी सेराटोसिस्टिस फिम्ब्रियाटा. ती या भुंगेऱ्यांच्या मळ्यातलं पीक नव्हे. पण दोन संकटं एका झाडात गाठ घालतात. रोगाने खचलेलं झाड भुंगेऱ्याला बोलावतं आणि भुंगेऱ्याची भोकं झाडाला आणखी खचवतात. आधी रोग की आधी किडा, हे पाहिल्याशिवाय नुसतं औषध मारत राहणं म्हणजे खिसा रिकामा करणं.

औषधाचं गणितही किड्याच्या शेतीमुळे बदलतं. पानं किंवा लाकूड खाणाऱ्या अळीच्या पोटात औषध अन्नासोबत जातं. इथे अळी बुरशी खाते, तीही खोडाच्या आत. एकदा मादी आत शिरली की वरची फवारणी तिला फारशी पोचत नाही. म्हणून खोडाला गेरूचा आणि शिफारशीतल्या औषधाचा लेप द्यायचा तो किडा शिरण्याआधी. आणि पोखरलेली फांदी कापून बांधावर टाकायची नाही. ती लगेच जाळायची. बांधावर रचलेल्या त्या सरपणातून पुढची पिढी महिनाभर बाहेर पडत राहते. तेच सरपण ट्रॉलीत भरून दुसऱ्या गावी गेलं, तर किडाही ट्रॉलीतूनच जातो.

बाटलीत किडा, सोबत चिठ्ठी

ओळख पटवायला शेतकऱ्याने काय करायचं? भोक पडलेली फांदी ताजी असतानाच चाकूने चिरायची. आतल्या बोगद्यातले प्रौढ भुंगेरे चिमट्याने उचलून अल्कोहोल भरलेल्या छोट्या बाटलीत टाकायचे. एकच नको, दहा-पंधरा असू द्यावेत. फांदीचा एक तुकडा वेगळ्या कागदी पिशवीत, बुरशी तपासण्यासाठी. प्लॅस्टिकमध्ये तो घामेजतो आणि भलतीच बुरशी वाढते.

हे नमुने जवळच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत धारवाड किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे देता येतात. डाळिंबासाठी सोलापूरला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. कीटकांची नेमकी ओळख पटवण्याचं काम बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत चालतं.

बाटलीत एक चिठ्ठी टाकायची, शिसपेन्सिलीने लिहिलेली, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तारीख, गाव, तालुका, झाडाचं नाव आणि वाण, झाडाचं वय, किडा जमिनीपासून किती उंचीवर मिळाला आणि गोळा करणाऱ्याचं नाव. आइखहॉफच्या भुंगेऱ्यासोबत एवढी माहिती असती, तर दीडशे वर्षं कुणी चहाच्या किड्याला त्याच्या नावाने हाक मारली नसती.